‘नसतं तर?’ विचारणारे सर

मुलाखतीत सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सकाळी काय खाल्लंस?"

मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून नुकतीच बाहेर पडले होते. हरितगृह वायूंबद्दल जे काही वाचता येईल ते वाचून, ओठांवर घोळवत जळगावच्या पिंप्राळ्यातल्या त्या कार्यालयात पोचले होते. कार्यालय म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं.

"पोहे," मी म्हणाले.

"वर कोथिंबीर होती?"

"होती."

"तिच्या काड्या कुठं गेल्या?"

"गल्लीत एक गाय येते. आई तिला घालते."

सर खुर्चीतून उठलेच. साठी ओलांडलेला, उंच, किडकिडीत माणूस. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात उपरणं. "आणि गाय आली नसती तर?"

"तर घंटागाडीत."

"घंटागाडी कुठं जाते?"

"गावाबाहेरच्या ढिगावर."

"ढिगाखाली दबलं की हवा मिळत नाही. हवा नाही म्हणजे कुजताना मिथेन. पण गाईनं खाल्लं तरी ती ढेकर देणार, त्यातही मिथेन. आता सांग, जास्त कुठं?"

मला उत्तर येत नव्हतं. नोकरी गेली असं धरून मी तसं सांगून टाकलं.

"मलाही येत नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की जणू मी त्यांना बक्षीस दिलं होतं. "काढून बघू. सोमवारपासून ये."

आमचं काम एका वाक्यात सांगायचं तर असं : शेण, भाजीपाला, केळीचे खांब असल्या टाकाऊ मालापासून गॅस तयार होतो, तो शुद्ध करून गाड्यांमध्ये भरतात. तो गॅस बनवण्यात आणि जाळण्यात, अगदी पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, हवेत किती उष्णता अडवणारे वायू जातात आणि किती जायचे वाचतात, हे संगणकावर मांडायचं. ऐकायला हे रुक्ष वाटतं. सरांच्या हाताखाली ते रुक्ष राहत नसे. कारण त्या सगळ्या गणिताच्या मुळाशी एकच प्रश्न होता, आणि तो विचारण्याचं सरांना व्यसन होतं. हा माल इथं आला नसता तर त्याचं काय झालं असतं? त्यांचं नावच पडलं होतं ‘नसतंतर सर’. गिरणीवाल्या मावशीसुद्धा फोनवर सांगायच्या, "नसतंतर सर वर आहेत, या."

सरांच्या खिडकीत काचेच्या बरण्यांची रांग असे. अर्ध्यांना झाकण, अर्ध्या उघड्या. आत केळीच्या साली, शेण, कोबीची पानं. उन्हाळ्यात जळगाव तापलं की त्या खोलीत शिरणं हे धाडसाचं काम होतं. सर मात्र सकाळी आल्या आल्या प्रत्येक बरणी नाकाशी धरत आणि मला बोलावत, "ये ये, कालच्यापेक्षा आज वेगळी आहे." मीही हळूहळू वास घ्यायला शिकले. वर्षभरात मला झाकणाची बरणी आणि बिनझाकणाची बरणी डोळे मिटून ओळखता यायला लागली, आणि घरी ही गोष्ट कुणाला सांगावी हे कळेना.

दुसरी सवय साबणाच्या पाण्याची. त्यांच्या शबनममध्ये फवारणीची बाटली असे. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी सर स्वयंपाकघरात जायचे, सिलिंडरच्या रेग्युलेटरवर साबणाचं पाणी मारायचे आणि बुडबुडे येतात का ते बघायचे. "गॅस दिसत नाही, बुडबुडा दिसतो," असं घरातल्या बाईला समजावून सांगायचे. माझ्या आईच्या शेगडीची नळी त्यांनीच बदलायला लावली. आई नंतर म्हणाली, "विचित्र आहेत, पण येऊ देत जा."

एकदा त्यांनी मला स्कूटरवर बसवून भुसावळला नेलं. मला वाटलं, रेल्वेत कुणाकडे काम असेल. गावाबाहेर त्यांनी स्कूटर थांबवली आणि लांबवर दिसणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे बोट केलं.

"गॅस दाबून गाडीत भरतात, तो कॉम्प्रेसर कशावर चालतो?"

"विजेवर."

"त्याच्यातून धूर निघतो?"

"नाही."

"निघतो. तो बघ, तिथून निघतो."

आम्ही रसवंतीवर उसाचा रस प्यायलो आणि परत आलो. एवढंच दाखवायला त्यांनी मला नेलं होतं. पण त्या दिवसानंतर कुठल्याही यंत्राची वायर दिसली की मी तिचं दुसरं टोक शोधायला लागले.

त्यांच्या भाचीच्या लग्नाची गोष्ट तर धुळ्यात अजून सांगतात. मीही त्या लग्नाला होते. मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली, भटजींनी पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या." मामा म्हणजे आमचे सर, आणि सर गायब. लोक मांडव पालथा घालायला लागले. मला संशय आला म्हणून मी हॉलच्या मागं गेले. आदल्या दिवशीच्या हळदीच्या जेवणातलं उरलेलं अन्न आणि पत्रावळी जिथं ट्रॉलीतून ओतत होते, त्या खड्ड्याच्या काठावर सर नव्या धोतरानिशी उकिडवे बसले होते.

"बघ," ते मला म्हणाले, "खालून बुडबुडे येताहेत. एका दिवसात. वरण-भात किती पटकन उठतो बघ."

"सर, तुमची भाची बोहल्यावर चढायची थांबली आहे."

सर धावत आले ते चिखलाच्या पायांनी. बहिणीनं, म्हणजे अक्कांनी, सगळ्यांसमोर त्यांना अहिराणीत झाडलं. "भाऊ, तू मामा शे का कचरागाडीना ड्रायव्हर शे?"

"दोन्ही शे, अक्का," सर म्हणाले, आणि भाचीचा हात धरून तिला घेऊन गेले. भाची हसत हसतच अंतरपाटापाशी उभी राहिली. तिच्या लग्नाच्या फोटोंत मामा एकाही ठिकाणी कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर मागच्या दाराकडे आहे.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, माणूस विनोदी होता. पण मी त्यांना ओळखायला लागले ते आबांच्या प्रकल्पावर.

आबा म्हणजे रावेरकडच्या केळीवाल्या शेतकऱ्यांचे पुढारी. त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र आणून गॅसचा प्रकल्प उभा केला होता. केळीचा घड कापला की उरलेला खांब, गोठ्यातलं शेण, बाजार समितीतला खराब भाजीपाला, हे सगळं बंद टाकीत कुजवायचं आणि गॅस काढायचा. आबांनी यासाठी दारोदार फिरून माणसं जमवली होती. आता एक मोठी वाहतूक कंपनी त्यांचा सगळा गॅस घ्यायला तयार होती. अट एवढीच, की गॅस खरोखर स्वच्छ आहे याचा पूर्ण हिशोब दाखवा. तो हिशोब आमच्याकडे आला. कंपनीनं नाही म्हटलं असतं, तर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि आबांच्या शब्दावर आलेल्या माणसांना तोंड दाखवायला जागा नव्हती.

पहिली मांडणी मी केली. उत्तर शून्याच्या पुष्कळ खाली आलं. म्हणजे हा गॅस जाळल्यानं हवेत भर पडण्याऐवजी जे जाणार होतं तेच वाचत होतं. मी जिना उतरून गिरणीपाशी उभ्या असलेल्या सरांकडे धावत गेले. आबांना फोन केला. आबांनी संध्याकाळी जिलबी पाठवली.

सरांनी जिलबी खाल्ली, संगणकासमोर बसले, आणि विचारलं, "केळीचे खांब इथं आले नसते तर काय झालं असतं, असं तू धरलंस?"

"ढिगात दबून कुजले असते. मिथेन झाला असता."

"पाहिलंयस?"

मी पुस्तकातून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही रावेरच्या वाटेला लागलो. दुपारपर्यंत केळीच्या बागांमधून फिरलो. खांब कापून सरींमध्ये आडवे टाकलेले होते, उन्हात वाळून कागदासारखे झालेले. काही ठिकाणी नाल्यात ढकललेले होते, तिथं पाण्यात ते खरंच सडत होते. पण बहुतेक सगळे उघड्यावर, वाऱ्यावर.

"जे वाळतं, त्याचा मिथेन होत नाही," सर म्हणाले. "आपण जो वाचवला म्हणतोय, तो मुळात जाणारच नव्हता."

बांधावरच बसून आम्ही लॅपटॉपवर आकडा बदलला. उत्तर सरकन वर आलं आणि शून्याच्या पलीकडे गेलं. माझं तोंड उतरलं. सर मात्र खूश. "आता खरं दिसायला लागलं," म्हणाले, "चल, प्रकल्पावर. तिथं अजून काहीतरी आहे. मला मघापासून वास येतोय."

प्रकल्पाच्या मागं एक मोठं उघडं तळं होतं. टाकीतून गॅस काढून झाला की उरलेली रबडी त्यात सोडत. ती शेतकरी खत म्हणून नेत. आबा आम्हाला कौतुकानं तळं दाखवत होते. सर काठावर पोटावर आडवे झाले आणि कान पाण्याला लावल्यासारखे ऐकत राहिले.

"आबा, टाकीत माल किती दिवस ठेवता?"

"गिऱ्हाईक मिळणार म्हणून जरा भरभर घालतोय सध्या," आबा म्हणाले.

"म्हणजे तो पुरता पचत नाही. उरलेलं पचन इथं होतंय."

सरांनी प्लास्टिकचा एक पिंप अर्धा कापून घेतला, तळाला नळी बसवली, नळीच्या तोंडाला पॉलिथिनची पिशवी घट्ट बांधली, जोडावर साबणाचं पाणी मारून बघितलं आणि तो पिंप पालथा तळ्यावर तरंगत सोडला. पिशवी सुरुवातीला मरगळलेली पडून होती. आम्ही चहा घेतला. चहा संपेपर्यंत तिला कोपरे आले. जेवून आलो तर ती उशीसारखी टम्म झाली होती. मी वहीत वेळ टिपली. सरांनी नळी दुमडून ती पिशवीसकट काढली, लांब मोकळ्या शेतात नेली, आणि नळीच्या टोकाशी काडी धरली. निळी ज्योत पेटली.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, हाई तर आपलाच गॅस शे."

"आपलाच शे. आणि न जळता वर गेला, तर जळून होतो त्यापेक्षा कितीतरी पट वाईट."

आबा आम्हाला ऑफिसात घेऊन गेले. दार लोटलं. "कंपनीची माणसं दोन-तीन महिन्यांत येणार. दुसऱ्या लोकांच्या रिपोर्टात तळं-बिळं काही नसतं, मी पाहिलंय. टाकीपासून नळापर्यंत धरतात. तुम्हीही तसंच धरा."

"रिपोर्टात तळं दाखवलं नाही, तर ते बुडबुडायचं थांबेल का, आबा?"

"तुम्ही आमच्याकडून आहात की त्यांच्याकडून?"

"मी तळ्याकडून आहे असं समजा."

आबांना हे लागलं. ते उठून उभे राहिले. "या लोकांना मी घरोघर जाऊन गोळा केलंय, सर. तुमच्या एका पानानं हे सगळं बंद पडेल. मग तुम्ही याल का त्यांना समजावायला?"

"येईन," सर म्हणाले.

"राहू द्या. मी दुसरं कुणी बघतो."

आम्ही स्कूटरवर परत निघालो. आबांचं चुकलं असंही मला म्हणवत नव्हतं. मला वाटलं, सर खचले असतील. स्कूटर पिंप्राळ्यात शिरली, आणि सर मागं न बघता एकदम ओरडून बोलायला लागले, "अगं, ही वाईट बातमी नाहीच. तो गॅस आहे. आपण त्याला गळती म्हणून मोजतोय. झाकलं तर तो माल आहे. तळं झाक, नळी परत टाकीकडे ने, की तोच आकडा उलट्या बाजूला जातो." पुढं एक रिक्षा कट मारून गेली, तिलाही त्यांनी हात केला.

काम आमच्याकडून काढून घेतलं होतं, आणि सरांनी ते आधीपेक्षा जोरात सुरू केलं. तळं झाकलं तर काय, कॉम्प्रेसर विजेऐवजी स्वतःच्याच गॅसवरच्या जनरेटरनं चालवला तर काय, वाळणारे खांब शेतातच राहू दिले आणि त्याऐवजी शहरातल्या ढिगावर जाणारा भाजीपाला जास्त आणला तर काय. एकेक गोष्ट बदलायची, उत्तर बघायचं. सर माझ्यामागं फेऱ्या मारत असत. "बदललं? किती हललं? कुठल्या दिशेनं?" क्रिकेटचा सामना ऐकणाऱ्या माणसासारखी त्यांची अवस्था असे. मला त्याची लागण झाली. मी घरी जेवताना ताट सरकवून मनातल्या मनात तळं झाकायची.

आणि एका दुपारी आबा स्वतः जिना चढून आले. घामाघूम, पांढरी टोपी हातात. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही.

"तुम्ही गेल्यावर मी ठरवलं, सरांना खोटं पाडायचं," ते म्हणाले. "तुम्ही पिंप जिथं टाकला, तिथं माल नुकताच पडला होता. म्हटलं, तिथं येणारच बुडबुडे. मग मी चारी कोपऱ्यांत टाकले. जुन्या मालावर टाकले. मधोमध टाकला." ते थांबले. "पिशव्या बठ्ठ्या फुगन्यात, सर. एकही रिकामी नाही."

सर त्यांच्याकडे बघत होते. त्या क्षणी सरांनी ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं काही म्हटलं असतं, तर ते सगळं तिथंच मोडलं असतं. ते म्हणाले, "मधोमध कसा टाकलात? पोचलात कसे?"

"ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून गेलो."

"आबा, तुम्ही त्या तळ्यात ट्यूबवर बसून गेलात?"

"मग काय करनार."

सर इतके हसले की गिरणीवाल्या मावशी वर आल्या. आबाही हसायला लागले, मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "आते काय करानं, ते सांगा."

शेततळ्याला तळाशी अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद आबांनी आणला आणि तळ्यावर पांघरला. कडा मातीत गाडल्या, मधून नळी काढली. ते काम बघायला आसपासच्या गावांतून माणसं आली होती, बायका आल्या होत्या. सगळं बांधून झाल्यावर कागद पाण्यावर चिकटून पडलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला. तव्यावरची भाकरी फुगावी तसा कागद वर आला होता. आम्ही पोचलो तेव्हा आबा काठानं फिरत त्याच्यावर हलकेच थापटत होते, आणि लोक मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होते.

कंपनीतर्फे एक तरुण बाई पाहणीला आल्या. आमच्या अहवालात दोन्ही उत्तरं होती, तळं उघडं असतानाचं आणि झाकल्यानंतरचं. सरांनी पहिलं काढू दिलं नव्हतं. बाईंनी विचारलं, "हे पहिलं तुम्ही का ठेवलंत? कुणी ठेवत नाही." सर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच आबा बाईंना तळ्याकडे घेऊन गेले आणि पिंप, पिशव्या, ट्यूब, सगळं त्यांनी स्वतःच सांगितलं. जिथं जिथं गॅस जात होता ती प्रत्येक जागा बोट करून दाखवली. कंपनीनं गॅस घेतला, अजून घेते. त्या रस्त्यानं त्यांचे ट्रक जाताना मला दिसतात. सर आता धुळ्याला बहिणीच्या शेजारी राहतात, आणि अक्का मला फोनवर सांगतात की त्यांच्या परसातही बरण्या आल्या आहेत.

पण मला जो दिवस पुन्हा पुन्हा आठवतो, तो बाई यायच्या आधीचा. तळं झाकून काही आठवडे झाले होते, मीटरवरची खरी मोजमापं हातात आली होती, आणि प्रकल्पाच्या ऑफिसात मी ती एकेक करून संगणकात भरत होते. माझ्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आबा. शेवटची संख्या भरली. वाळणारे खांब मोजले होते, नाल्यात सडणारे वेगळे मोजले होते, भुसावळच्या चिमण्या मोजल्या होत्या, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. पडद्यावर उत्तर बदललं.

"वर का खाली?" आबांनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"खाली, आबा. थोडंसंच. पण शून्याच्या खाली."

आबांनी खुर्चीची पाठ धरली. मी सरांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "छान. आता चूक शोधू."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सर प्रत्येक आकड्याशी भांडायला लागले. थोड्या वेळानं आबांनीही खिशातून चष्मा काढला, खुर्ची पुढं सरकवली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ट्रॅक्टरनं डिझेल धरेल शे का?"

"धरलंय, आबा."

"रिकामी ट्रॉली परत जाते, तिचं?"

सरांनी आबांकडे वळून बघितलं. माझ्याकडे बघितलं. रिकामी ट्रॉली आम्ही धरली नव्हती. मी ती घातली. उत्तर जरासं वर सरकलं, पण शून्याच्या खालीच राहिलं. मग आम्ही तिघंही पुढच्या ओळीकडे गेलो, आणि त्याच्या पुढच्या. बाहेर माणसं उत्तराची वाट बघत बसली होती. दिवे लागले, चहा येऊन निवला, तरी आम्ही चूक शोधत होतो. सापडली नाही.